एक पूर्णांक चार शतांश

सकाळी दवाखान्याचे दार उघडावे आणि बाहेरच्या बाकावर कोणीतरी आधीच येऊन बसलेले असावे, हे बालरोगतज्ज्ञाला नवीन नाही. त्या दिवशी बसल्या होत्या त्या इंदूरच्या जुन्या वस्तीतील एक आजी. मांडीवर दहा महिन्यांचा नातू, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दोन अहवाल, आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागल्याने सुजलेला चेहरा. "डॉक्टर, छिद्र दहा पटीनं वाढलं हो!" एवढेच त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून रडू लागल्या.

बाळाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः एक लहानसे छिद्र होते. तिसऱ्या महिन्यात केलेल्या पहिल्या तपासणीच्या अहवालात त्याचा व्यास '०.४' असा लिहिलेला होता. आदल्या दिवशी दुसऱ्या केंद्रात केलेल्या तपासणीत तो '४' असा आला होता. सूनबाईंनी दोन्ही आकडे वाचून दाखविले आणि घरात चूल पेटली नाही. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'सें.मी.' होते, दुसऱ्यापुढे 'मि.मी.'. छिद्र होते तेवढेच होते. किंबहुना सात महिन्यांत हृदय वाढले आणि छिद्र मात्र तेवढेच राहिले, याचा अर्थ हृदयाच्या मानाने ते लहान झाले होते. हे समजावून सांगितल्यावर आजींनी पुन्हा एकदा विचारले, "म्हणजे वाढलं नाही ना?" आणि मग त्या जे रडल्या ते वेगळे रडणे होते.

मराठीत एक म्हण आहे, हातभर लाकूड आणि दहा हात ढलपी. त्या अहवालांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली होती. आजींना निरोप देताना मी हसत होते. परंतु मनातून हसू येत नव्हते. कारण याच प्रकारच्या एका टिंबाने त्यापूर्वी काही वर्षे मलाच फसविले होते, आणि तेव्हा कोणाचा जीव भांड्यात पडण्यासारखा शेवट झाला नव्हता. मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख हवा असे संपादकांनी कळविले तेव्हा ठरविले की, यंदा तीच गोष्ट लिहावी. मात्र त्याआधी ज्या मापाविषयी बोलायचे, त्याची थोडी ओळख करून घेऊ.

माझ्या पिढीला मीटर आईच्या दुधाबरोबरच मिळाला. वडिलांच्या पिढीला तो प्रौढपणी शिकावा लागला. १९५६ साली आपल्या देशात वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, लिटर, मीटर बाजारात रुळू लागले. घरात मात्र वीत, हात, बोटे टिकून राहिली. आजही एखादी माता बाळाच्या अंगावरील सूज 'दोन बोटे' अशीच सांगते, आणि पालक मुलाची उंची फुटांत सांगतात. फूट-इंचांचे गणित किचकट असते. १२ इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, १,७६० वारांचा मैल. त्या मानाने मीटरचे कुटुंब किती सोपे! दहाने गुणावे अथवा भागावे; आकडे तेच राहतात, फक्त टिंब सरकते.

या मीटरचा जन्मही मोठा उदात्त हेतूने झाला. १७९१ साली फ्रान्समध्ये ठरले की, पृथ्वीच्या उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. कोणा राजाच्या हाताची वा पावलाची लांबी नव्हे, तर सर्व मानवांच्या समाईक पृथ्वीचे माप. ते मोजण्यासाठी देलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ १७९२ मध्ये निघाले. डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची रेषा मोजण्यात त्यांची सुमारे सात वर्षे गेली. मेशँ यांना बार्सिलोना येथील आपल्या निरीक्षणांत कोनाच्या सुमारे तीन सेकंदांची तफावत आढळली. एका अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक सेकंद. एवढी ती सूक्ष्म होती. परंतु त्यांनी ती कोणालाही सांगितली नाही. त्या ओझ्याखाली ते झुरत राहिले, मोजणी पुढे नेण्यासाठी पुन्हा स्पेनला गेले आणि १८०४ साली तेथेच तापाने वारले. त्यांच्या वह्या देलांब्र यांच्या हाती आल्या तेव्हा ती तफावत उघड झाली. पुढे असेही कळले की, पृथ्वीच्या आकाराविषयीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे मीटर मूळ कल्पनेपेक्षा सुमारे ०.२ मि.मी. तोकडा ठरला होता. ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर १०,००० नव्हे, तर सुमारे १०,००२ किलोमीटर आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. मला मात्र या इतिहासात व्याख्येपेक्षा मेशँ यांचे मौन अधिक लक्षात राहिले. मापातील चूक लपविली की ती मोजणाऱ्यालाच पोखरते.

या मापांना नावे देताना मोठ्या मापांसाठी ग्रीक आणि लहान मापांसाठी लॅटिन शब्दांचा आधार घेण्यात आला. किलो म्हणजे हजार. सेंटि म्हणजे शंभरावा भाग, मिलि म्हणजे हजारावा. आपल्या भाषेत याला नेमके शब्द आहेत. सेंटिमीटर म्हणजे मीटरचा शतांश, मिलिमीटर म्हणजे सहस्रांश. प्राथमिक शाळेत आमच्या बाई १.०४ हा आकडा 'एक पॉइंट शून्य चार' असा वाचू देत नसत. 'एक पूर्णांक चार शतांश' म्हणावे लागे. १.४ म्हणजे 'एक पूर्णांक चार दशांश'. तेव्हा हा निव्वळ जाच वाटे. त्या वाचनात केवढे संरक्षण होते, हे मला पन्नाशीकडे झुकताना कळले.

आता ती गोष्ट.

आमच्या काही सहकाऱ्यांनी मिळून शाळांमध्ये आरोग्य तपासणी शिबिरे घेण्यास सुरुवात केली होती. मुलांची उंची, वजन, दात, डोळे पाहून प्रत्येकाच्या हाती एक कार्ड द्यायचे, असा परिपाठ होता. कार्डाचा नमुना मी तयार केला होता. वजन आणि उंची यांवरून बॉडी मास इंडेक्स काढायचा असल्याने, आणि त्या सूत्रात उंची मीटरमध्ये लागत असल्याने, रकान्यावर मी मोठ्या हुशारीने छापून घेतले होते : 'उंची (मीटर)'. पुढची आकडेमोड वाचावी एवढाच हेतू. भिंतीवर पट्टी लावलेली, एक स्वयंसेवक वाचणार, दुसरा लिहिणार, तिसरा गणकयंत्रावर भागाकार करणार आणि टेबलाशी मी.

त्या दिवशी सुमारे २०० मुले होती. त्यांत आठ वर्षांची एक शांत मुलगी होती. वाचणाऱ्याने पट्टी पाहून सांगितले, "एक मीटर चार." त्याला म्हणायचे होते, एक मीटर आणि चार सेंटिमीटर. लिहिणाऱ्याने लिहिले : १.४. वजन १९ किलो. १.४ चा वर्ग १.९६, आणि १९ भागिले १.९६ म्हणजे ९.७. कार्ड माझ्यापुढे आले. उंचीची चिंता नको, मूल फारच कृश आहे, असे समजून मी शेंगदाणे, गूळ, दूध, डाळी यांची यादी सांगितली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. मान वर करून तिच्याकडे मी पाहिले का? पाहिले असेन. पण दिसली ती कार्डावरची मुलगी.

त्यानंतर सुमारे वर्षभराने तिची आई तिला खोकल्यासाठी माझ्या दवाखान्यात घेऊन आली. नऊ वर्षांची मुलगी पाच-सहा वर्षांची वाटत होती. चेहरा किंचित थोराड, त्वचा कोरडी, हालचाल मंद. बद्धकोष्ठाची तक्रार जुनी होती. "फार गुणाची आहे, कधी दंगा नाही," आई कौतुकाने म्हणाली. मी तिला उभी करून मोजले : १०७ सें.मी. आईने पिशवीतून शिबिराचे कार्ड काढले. तिने ते वर्षभर देवघरात जपून ठेवले होते. त्यावर माझी सही, आणि वर उंची १.४ मीटर, म्हणजे १४० सें.मी. वर्षभरात कोणतेही मूल ३३ सेंटिमीटरने खुजे होत नाही. क्षणभर मला काही सुचेना. मग ध्यानात आले की मधले शून्य गळाले होते. ती तेव्हा १.०४ मीटर, म्हणजे १०४ सें.मी. होती आणि वर्षभरात अवघी तीन सेंटिमीटर वाढली होती.

शून्य जागेवर बसविले की सारे चित्रच पालटते. १९ भागिले १.०४ चा वर्ग, म्हणजे १९ भागिले १.०८१६; उत्तर येते १७.६. मुलगी कृश नव्हतीच. ती खुंटलेली होती. आठ वर्षांच्या मुलीची उंची साधारणपणे १२० ते १३० सें.मी. असते, चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल दरवर्षी पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. तिला गूळ-शेंगदाण्यांची नव्हे, रक्ततपासणीची गरज होती. ती केली. थायरॉइड ग्रंथीचे कार्य फारच मंदावलेले निघाले. उपचार म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी.

मी तिच्या आईला समोर बसवून सांगितले की, चूक मुलीच्या खाण्यात नव्हती, आमच्या कार्डात होती, आणि त्यामुळे वर्ष वाया गेले. ती माउली रागावली असती तर बरे वाटले असते. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, प्रार्थनेच्या रांगेत ही सगळ्यांत पुढे उभी असते. कार्डावर सगळ्यांत उंच कशी, असं मनात आलं होतं. पण म्हटलं, शिकलेल्या माणसांनी मोजलंय, बरोबरच असेल." हे वाक्य मी आजवर विसरू शकलेले नाही.

चूक लिहिणाऱ्या मुलाची नव्हती. सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी भिंतीवर लावून मी मीटर मागितले होते. रूपांतराचे काम, तेही गर्दीत आणि घाईत, ज्याला ते शिकविलेले नव्हते त्याच्या माथी मारले होते. शिवाय ९.७ हा आकडाच ओरडून सांगत होता की, असे मूल शिबिराच्या रांगेत नव्हे, रुग्णालयाच्या खाटेवर असते. मी तो ऐकला नाही.

तेव्हापासून या सोप्या गणिताकडे मी संशयाने पाहू लागले. थोडा विचार केला तर त्यातील खाचखळगे दिसतात. पहिला असा की, आपण वापरतो ती शिडी समान पायऱ्यांची नाही. किलोमीटर ते मीटर हजार, मिलिमीटर ते मायक्रोमीटर हजार, मायक्रोमीटर ते नॅनोमीटर पुन्हा हजार. मध्येच सेंटिमीटर मात्र मीटरपासून शंभर आणि मिलिमीटरपासून दहा अंतरावर उभा आहे. त्यामुळे अभियंत्यांच्या नकाशांत बहुधा सारे मिलिमीटरमध्येच असते. आपण वैद्यक मंडळी मात्र दोन्हींत वावरतो. मुलाच्या श्वासनलिकेत घालावयाच्या नळीचेच पाहा. नळीचा आतील व्यास मिलिमीटरमध्ये : वय भागिले चार, अधिक चार. ती ओठापासून किती आत सरकवायची ते सेंटिमीटरमध्ये : वय भागिले दोन, अधिक १२. चार वर्षांच्या मुलासाठी पाच मिलिमीटरची नळी, १४ सेंटिमीटर खोल. त्याच टेबलावरची अन्ननळी फ्रेंच क्रमांकाची असते. फ्रेंच उपकरणकार शारियेर यांच्या त्या मापात तीन क्रमांक म्हणजे बाहेरील व्यासाचा एक मिलिमीटर; म्हणून सहा क्रमांकाची नळी दोन मिलिमीटरची. एका मुलाच्या उशाशी तीन मापे, आणि मध्यरात्रीचे दोन वाजलेले.

दुसरा खळगा वर्ग आणि घन यांचा. मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असतात म्हणून चौरस मीटरमध्ये १०० चौरस सेंटिमीटर असतील, असे हुशार विद्यार्थीही बोलून जातो. ते असतात १०,०००. घन सेंटिमीटरमध्ये घन मिलिमीटर १,०००. आपली दोन नेहमीची सूत्रे याच ठिकाणी परस्परविरुद्ध वागतात. बॉडी मास इंडेक्सला उंची मीटरमध्ये हवी. शरीराचे पृष्ठफळ काढण्याचे मोस्टेलर यांचे १९८७ चे सूत्र उंची सेंटिमीटरमध्ये मागते. १२० सें.मी. उंच, २४ किलो वजनाचे मूल घ्या. उंची गुणिले वजन भागिले ३,६०० बरोबर ०.८, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.८९ चौरस मीटर. कर्करोगावरील औषधाची मात्रा या आकड्यावर ठरते. तेथे १२० च्या जागी १.२ घातले तर उत्तर दहाव्या हिश्श्यावर येते.

आणि तिसरी गोष्ट, लहान मुलांच्या बाबतीत मिलिमीटर ही क्षुल्लक वस्तू नाही. अर्भकाचा श्वासमार्ग सर्वांत अरुंद जागी सुमारे चार मिलिमीटर रुंद धरला, आणि आतून चोहोबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर उरतो दोन मिलिमीटर. क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते. संथ प्रवाहाच्या नियमाने श्वासाला होणारा अवरोध सोळा पटींनी वाढतो. आठ मिलिमीटरच्या मोठ्या माणसाच्या श्वासमार्गात तीच सूज अवरोध सुमारे तिप्पट करते. बाप नुसता खोकतो आणि बाळाला प्राणवायू लावावा लागतो, त्यामागे हे गणित असते.

शून्याच्या या प्रकरणानंतर एकदा ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. तेथील किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. एकाच दगडात कोरलेले, अगदी लहान. त्यातील इ.स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप आहे : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. त्या २७० मधील शून्य आज आपण लिहितो तसेच वाटोळे आहे. भारतातील शून्याच्या जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. मी बराच वेळ त्याच्यापुढे उभी होते. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने छोटे का होईना, पण शून्य दगडात खोदून ठेवले. ते गळाले असते तर देवाची बाग २७ हातांची झाली असती. आमच्या छापील कार्डावर मात्र ते एक वर्षही टिकले नाही.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात आणि शिबिरांत काही साधे नियम आहेत. उंची सेंटिमीटरमध्येच आणि एका दशांशापर्यंत लिहायची. १०४ असली तरी १०४.०. आकड्यापुढे एकक हाताने लिहायचे, रकान्यावर छापलेले आहे म्हणून सोडायचे नाही. पूर्णांक नसेल तेथे टिंबाच्या आधी शून्य हवेच, '.४' नव्हे, '०.४'. रूपांतर करायचे ते शेवटच्या पायरीवर, ज्याला उत्तराचा अर्थ कळतो त्याने. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचायचे, लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवायचे. आणि अखेरीस कार्ड खाली ठेवून मुलाकडे पाहायचे. पालकांना देण्याच्या अहवालात मागील माप ज्या एककात असेल त्याच एककात नवे लिहावे, अशी विनंती मी आपल्या क्ष-किरण आणि सोनोग्राफीच्या सहकाऱ्यांनाही या निमित्ताने करते. त्याने एखाद्या घरातील एक रात्र वाचेल.

ती मुलगी आज महाविद्यालयात शिकते. गोळी सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी ती नऊ सेंटिमीटर वाढली, आणि आईची तक्रार आली की आता फार दंगा करते. इतकी गोड तक्रार मी क्वचितच ऐकली असेल. तिची उंची १५१.० सें.मी. झाली. ते वर्ष वाया गेले नसते तर आणखी किती झाली असती, हे मला सांगता येत नाही. मागच्या दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन आली होती. जाताना भिंतीवरच्या पट्टीपाशी आपणहून पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मोजा, मॅडम."

मी मोजले. आकडा मोठ्याने वाचला, आणि एककासह लिहिला.